वखारीची किल्ली

मंडळाच्या यंदाच्या स्मरणिकेसाठी काही लिहून द्यावे असे चिटणीसांचे पत्र आले, तेव्हा प्रथम मी ते बाजूस ठेवून दिले. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला मनुष्य. चाळीसहून अधिक वर्षे धान्याच्या ठोक व्यापारात गेली. कीर्द आणि खतावणी यांपलीकडे माझ्या लेखणीस वळण नाही. तथापि २०१९ पासून आमच्या वखारीत जे घडत आले ते मी सभासद बंधूंच्या कानी खासगीत पुष्कळदा घातले आहे आणि प्रत्येक वेळी "हे आपण लिहाच" असे उत्तर मिळाले आहे. यास्तव हे लिहीत आहे. जे लिहिणार ते सर्वांस रुचेल असे नाही. काही वडीलधाऱ्यांस तर घरचे उणे चव्हाट्यावर मांडल्यासारखे वाटेल. त्यांची आधीच क्षमा मागतो.

२०१९ च्या ऑगस्ट महिन्यातील पाऊस आम्हां बेळगावकरांस नव्याने सांगावयास नको. पंचगंगेचे पाणी शिरोलीजवळ हमरस्त्यावर चढले आणि पुणे-बेंगळूर रस्ता जवळजवळ आठवडाभर बंद पडला. इंदूरहून निघालेल्या आमच्या हरभऱ्याच्या चार गाड्या वाटेत कोठे अडकल्या आहेत हे तीन दिवस ना आम्हांस कळले, ना हुंडेकऱ्यास. त्याच सुमारास पेठेतील दुसऱ्या एका व्यापाऱ्याच्या गाड्यांवर त्यांचा ठावठिकाणा दाखविणारे यंत्र बसविलेले होते. पुढे रस्ता बंद झाल्याचे कळताच त्याच्या मुलाने गाड्या साताऱ्यासच थांबविल्या आणि माल तेथील एका वखारीत कोरडा उतरवून घेतला. आमच्या गाड्या कोल्हापूरच्या अलीकडे रस्त्याच्या कडेला ताडपत्रीखाली उभ्या राहिल्या. सुटून आल्या तेव्हा दोन गाड्यांतील खालच्या थरास मोड आले होते. हे नुकसान पैशाचे होते आणि पैशाचे नुकसान व्यापारी विसरतो. ज्याचा विसर पडत नाही ते पेठेतल्या वखारीत घडले.

आमची वखार आजोबांनी बांधलेली. दगडी भिंती, सागवानी तुळया, मंगलोरी कौले, एकच दार आणि त्यास वीतभर लांबीची किल्ली. ती किल्ली वडिलांच्या कमरेस असे. त्यांच्या पश्चात माझ्या कमरेस आली. बैलहोंगलकडील एका शेतकरी कुटुंबाचा आमच्याशी तीन पिढ्यांचा घरोबा होता. सुगी झाली की त्यांचा हरभरा आमच्या वखारीत येई आणि दिवाळीपुढे भाव पाहून विकला जाई. त्या वर्षी त्यांची ६२ पोती होती. पावसाने मागच्या भिंतीतून पाणी पाझरले आणि उत्तरेकडील थप्पीचे खालचे दोन थर कुजले. वहीत पाहिले तर "उत्तरेची थप्पी, ६२ पोती" अशी त्याच शेतकऱ्याच्या नावे नोंद. आता त्यास काय सांगावे या विवंचनेत मी असताना आमच्या दिवाणजींनी मान खाली घालून निराळीच हकीकत सांगितली. शेतकऱ्याची पोती जून महिन्यात चुकून दुसऱ्याच गिऱ्हाइकास गेली होती. त्या जागी रचलेला माल काही आमचा आणि काही दुसऱ्या एका अडत्याचा होता. म्हणजे वहीप्रमाणे कुजला तो शेतकऱ्याचा हरभरा, वस्तुतः कुजला तो अडत्याचा, आणि शेतकऱ्याचा हरभरा तर दोन महिन्यांपूर्वीच लोकांनी दळून खाल्ला होता!

मी दोघांसही त्या दिवसाच्या भावाने पैसे चुकते केले. शेतकऱ्याने ते मोजून घेतले, चहा घेतला आणि पायऱ्या उतरताना कानडीत म्हणाला, "सावकार, तुमचा शब्द पक्का आहे. वखार पक्की नाही." पुढील सुगीपासून त्याचा माल हमरस्त्यावरील एका नोंदणीकृत वखारीत जाऊ लागला. तेथे पोती उतरताच वजन, प्रत आणि ओलावा यांची नोंद होऊन पावती त्याच्या मोबाइलवर येते. आमच्याकडे तो लग्नाचे आमंत्रण घेऊन येतो. माल घेऊन येत नाही.

त्या वाक्याने मला पुष्कळ दिवस झोप लागू दिली नाही. कारण आजवर आपण व्यापारी मंडळी आपली पत शब्दावर चालते असे अभिमानाने सांगत आलो. माल दृष्टीआड ठेवावयाचा, किल्ली आपल्या कमरेस लावावयाची आणि समोरच्याने आमच्या तोंडाकडे पाहून विश्वास ठेवावयाचा, ही आपली रीत. शब्द खरा असूनही वखार खोटी ठरू शकते, हे साठीच्या उंबरठ्यावर मला एका शेतकऱ्याकडून शिकावे लागले.

आपल्या वाडवडिलांनी नवे कधी स्वीकारलेच नाही असे मात्र कोणी समजू नये. १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी आली, १९५८ च्या ऑक्टोबरपासून मेट्रिक वजने येऊ लागली. वडील सांगत की पेढीच्या भिंतीवर शेराचे किलो करण्याचा तक्ता पुढे पुष्कळ वर्षे लटकत होता, आणि काही जुनी गिऱ्हाइके किलोने तोललेला माल मनातल्या मनात पुन्हा शेरांत मोजून पाहत. बेळगाव जिल्हा १ नोव्हेंबर १९५६ रोजी मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला. पाठोपाठ १९५७ साली आंध्र, मद्रास, म्हैसूर आणि केरळ या चार राज्यांचा मिळून दक्षिण तांदूळ-विभाग झाला. काल ज्या कोल्हापुरास तांदूळ सहज जात होता ते एका हुकमाने विभागाबाहेर पडले. वडिलांनी वर्षाच्या आत तांदळाचा पसारा आवरून कडधान्यात जम बसविला. १९५६ च्या मे महिन्यात रिझर्व्ह बँकेने भात व तांदूळ यांच्या तारणावरील कर्जांस आळा घातला. १९७३ साली सरकारने गव्हाचा ठोक व्यापारच आपल्या हाती घेतला आणि पुढील वर्षी तो सोडला. या प्रत्येक वेळी आपल्या पेढ्या डगमगल्या आणि पुन्हा उभ्या राहिल्या. माझ्या तरुणपणी मिरजेस माल मोठ्या रुळाच्या गाडीतून लहान रुळाच्या गाडीत भरावा लागे. त्यात पोती फाटत, सांडत, आणि पावसाळ्यात भिजत. ते दुखणेही रूळ बदलल्यावर गेले.

या सगळ्या उलथापालथीत माल बदलला, वजने बदलली, वाट बदलली, कर बदलला. बदलले नाही ते वखारीचे दार. ती आजोबांनी बांधली तशीच राहिली. धंद्याचे हे एकच अंग आपण पाहिलेच नाही. वखार म्हणजे धान्य ठेवण्याची जागा, तीत पाहण्यासारखे काय असते, अशीच माझीही समजूत होती.

पुढे २०२० चा मार्च उजाडला. २४ तारखेच्या रात्री घोषणा झाली आणि २५ पासून देश बंद. धान्याच्या व्यापारास मोकळीक होती. परंतु मोकळीक कागदावर आणि हमाल घरी, अशी अवस्था. माझे वय व प्रकृती पाहून घरच्यांनी मला पेठेत पाऊल टाकू दिले नाही. किल्ली प्रथमच चिरंजीवाच्या हाती गेली. त्याने पहिल्या आठवड्यात केलेली गोष्ट अगदी साधी होती. प्रत्येक थप्पीवर खडूने क्रमांक घातला, तिचे छायाचित्र काढले आणि ते मोबाइलवरून मला व मालाच्या मालकास पाठविले. मी घरात बसून, वयाच्या साठाव्या वर्षी, स्वतःच्या वखारीत काय आहे ते प्रथमच नीट पाहिले असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. कोपऱ्यात तीन वर्षांपूर्वीची मटकी निघाली. ती तेथे आहे हे कोणासच ठाऊक नव्हते.

यानंतर उत्साहाच्या भरात जी चूक झाली तीही सांगतो, म्हणजे इतरांचे पैसे वाचतील. एका मोठ्या शहरातील संस्थेकडून आम्ही वखारीच्या हिशेबाची संगणक-व्यवस्था विकत घेतली. दाखविताना ती फार देखणी होती. ती बनविणाऱ्यांनी मात्र धान्याची वखार कधी पाहिली नसावी. पोते फाटले, चार किलो सांडले, झाडून पुन्हा भरले, वाळून दीड किलो घट आली, हे तीस समजेना. तिच्या लेखी पोते एकतर होते अथवा नव्हते. आमचे दिवाणजी संगणकात एक लिहीत आणि मनाच्या समाधानासाठी वहीत दुसरे. आठ महिन्यांनी दोन्हींचा मेळ बसेना तेव्हा आम्ही ती बंद केली. त्याऐवजी चिरंजीवाने दिवाणजींना शेजारी बसवून त्यांच्याच वहीच्या रकान्यांबरहुकूम साधा तक्ता तयार केला. आज तोच चालू आहे. ज्यास घट, सांड आणि कीड ठाऊक आहे त्यास विचारूनच यंत्र बसवावे, एवढेच यावरून मी शिकलो.

ज्या वस्तूंनी खरोखर अंतर पडले त्या स्वस्त होत्या. ओलावा मोजण्याचे लहान यंत्र घेतले. पूर्वी आम्ही गहू दाताखाली फोडून त्याचा टणकपणा पाहत असू. माझे दात या बाबतीत अजूनही फारसे चुकत नाहीत, पण माझे दात चिरंजीवास वारशाने देता येत नाहीत. गव्हात बारा टक्क्यांहून अधिक ओलावा निघाला तर आता तो वाळविल्याखेरीज थप्पीस लागत नाही. पोत्यांखाली लाकडी पाट घातले, थप्पी भिंतीपासून दोन हात दूर घेतली, आधी आलेला माल आधी बाहेर काढण्याचा नियम केला. यांत नवे असे काहीच नाही. १९५७ साली केंद्रीय वखार महामंडळ स्थापन झाले. तेव्हापासून सरकारी वखारींत हीच शिस्त सांगितली जाते. आपण ती सरकारी म्हणून हसण्यावारी नेली.

येथे एक विषय निघतो, ज्यावर आपल्या समाजात उघड बोलणे होत नाही. तो म्हणजे किडीचा. वखार म्हटली की सोंडे, टोके, भुंगेरे आलेच. आणि थप्पीवर प्लास्टिकचे आवरण घालून, आत अॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या ठेवून, त्यांतून निघणाऱ्या विषारी वायूने ती मारावयाची, ही सर्वत्र चालणारी पद्धत. वडिलांना हे कधी मानवले नाही. वैशाखात वखार रिकामी करून चुना मारणे, धान्य कडक उन्हात घालणे, कडुलिंबाचा पाला पसरणे यांवर त्यांचा भर असे. पुढे माल वाढला, उन्हात घालण्यास अंगण पुरेना, आणि आपण सर्वांनीच गोळ्यांकडे डोळेझाक केली. धुरी देणारा मनुष्य बाहेरचा आणला म्हणजे दोष आपणास लागत नाही अशी समजूत करून घेतली. मी कोणास उपदेश करण्याच्या योग्यतेचा नाही. माझ्याही वखारीत वर्षानुवर्षे हेच चालले. परंतु अनुभव असा की धान्य पुरते कोरडे करून, जुने-नवे न मिसळता, स्वच्छ जागी ठेवले तर किडीची उत्पत्तीच पुष्कळ कमी होते आणि गोळ्यांची पाळी क्वचित येते. हवाबंद पिशव्याही आता मिळतात. त्यांतही आतील कीड हवेवाचून मरतेच, तेव्हा त्यांस अहिंसक म्हणून मिरवू नये. ओलावा मोजणाऱ्या यंत्राने मात्र वडिलांचा नियम अधिक नेमकेपणाने पाळता येऊ लागला, आणि या एका गोष्टीसाठी तरी मी नव्या विद्येचा ऋणी आहे.

आता पावतीकडे वळतो, कारण माझ्या मते खरा प्रश्न तेथे आहे.

पूर्वी मालाच्या तारणावर कर्ज हवे असले की बँक आपल्या वखारीस स्वतःचे कुलूप घाली आणि दारावर आपली पाटी लावी. वीस पोती काढावयाची तर बँकेचा मनुष्य येईपर्यंत गाडी उभी. २००७ साली वखारींच्या विकासाचा व नियमनाचा कायदा झाला आणि तो २५ ऑक्टोबर २०१० पासून अंमलात आला. त्याखाली नोंदलेल्या वखारीची पावती हस्तांतर करता येते. म्हणजे माल जागचा न हलवता तो विकता येतो, तारण ठेवता येतो. २०१७ च्या सप्टेंबरपासून ही पावती संगणकावर निघू लागली. कागद नसल्यामुळे ती हरवत नाही, फाटत नाही आणि एकाच मालावर दोन बँकांकडून कर्ज उचलण्याची सोयही उरत नाही. (ही "सोय" कोणी कोणी केली होती ते पेठेतील जुन्या मंडळींस माहीत आहे, असो.) मार्च २०२४ मध्ये नोंदणीकृत वखारवाल्याने भरावयाची सुरक्षा ठेव ३ टक्क्यांवरून १ टक्क्यावर आणीत असल्याचे केंद्र सरकारने जाहीर केले, आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात अशा पावत्यांवरील कर्जांस हमी देणारी १,००० कोटी रुपयांची योजना निघाली. बैलहोंगलच्या त्या शेतकऱ्यास दिवाळीपर्यंत थांबण्याचे बळ पूर्वी आमची उचल देत असे. आता ते पावती देते. सावकाराविना त्याचे अडत नाही. हे कटू वाटले तरी वाईट आहे असे मला म्हणवत नाही.

तथापि नवी पावती आली म्हणजे सगळे आलबेल झाले, असे आपल्या तरुण मंडळींना वाटते, तेही मला मान्य नाही. ३१ जुलै २०१३ रोजी नॅशनल स्पॉट एक्स्चेंज या बाजाराचे व्यवहार बंद पडले. सुमारे १३,००० गुंतवणूकदारांचे ५,६०० कोटी रुपये त्यात अडकले. तो बाजार पूर्णपणे संगणकावर चालणारा होता. पडद्यावर माल होता, वजने होती, वखारींची नावेही होती. तपासणीस गेलेल्यांना कित्येक वखारींत पावतीप्रमाणे माल सापडला नाही. याहून जुनी गोष्ट अमेरिकेची. १९६३ साली न्यू जर्सी राज्यात खाद्य तेलाच्या टाक्यांवर नामांकित कंपनीच्या उपशाखेने वखार-पावत्या दिल्या होत्या आणि त्यांवर बँकांनी कोट्यवधी डॉलर कर्ज दिले होते. टाक्या तपासल्या तेव्हा वर तेलाचा थर आणि खाली बहुतांशी पाणी निघाले. तपासनीस येत नव्हते असे नाही. ते येत आणि वरून पाहून जात. पन्नास वर्षांच्या अंतराने, कागद जाऊन संगणक आल्यावरही, फसवणुकीची तऱ्हा तीच राहिली. पोत्यात परखी खुपसून तळचा दाणा कोणी बाहेर काढला नाही.

म्हणून माझे म्हणणे असे आहे. पावती यंत्राने द्यावी, वजन यंत्राने करावे, ओलावा यंत्राने मोजावा. पण ठरावीक दिवसांनी कोणीतरी, ज्याचा त्या मालाशी संबंध नाही अशा मनुष्याने, आत जाऊन थप्पी मोजली पाहिजे आणि मधले पोते उघडले पाहिजे. आपल्या जुन्या वखारीत हे होत नव्हते, कारण आमच्या घरंदाजपणावर शंका घेतल्यासारखे दिसले असते. हमरस्त्यावरील नव्या पोलादी छपरांच्या वखारींत ते होते काय, हे मला ठाऊक नाही, आणि ठेवणाऱ्या शेतकऱ्यासही ठाऊक नाही. जो कोणी हे करून दाखवील त्याच्याकडे माल जाईल अशी माझी खात्री आहे. मग ते आपणच का करू नये?

यावर वडीलधाऱ्यांकडून येणारा आक्षेप मला तोंडपाठ आहे. "वखार उघडी केली म्हणजे सरकारला साठा दिसेल, आणि साठा दिसला की मर्यादेचा हुकूम येईल." हे भय निराधार आहे असे मी म्हणणार नाही. २ जुलै २०२१ रोजी कडधान्याच्या ठोक व्यापाऱ्यास २०० टनांची, आणि एका जातीस १०० टनांची मर्यादा एकाएकी लागली. पेठेत धावपळ उडाली, मिळेल त्या भावाने माल काढला गेला; आणि १९ तारखेस तीच मर्यादा ५०० टन व २०० टन झाली. ज्यांनी घाईने विकले त्यांचे नुकसान कोणी भरून दिले नाही. अशा हुकमांविरुद्ध मंडळाने पूर्वीही निवेदने दिली, पुढेही द्यावीत. परंतु त्याच हुकमाखाली साठ्याची माहिती सरकारी संकेतस्थळावर आपणच भरली ना? मग अंधारात राहिले ते कोणापासून? सरकारास आकडा कळतो, मोठ्या कंपन्यांस कळतो, आणि ज्याने विश्वासाने पोती ठेवली त्या शेतकऱ्यास मात्र आपली पोती कोठे आहेत ते कळत नाही. स्पष्ट बोलावयाचे तर आपल्यापैकी कित्येकांना अंधारी वखार सोयीची वाटते ती सरकारच्या भीतीपेक्षा सवयीने. १८ जुलै २०२२ पासून पंचवीस किलोपर्यंतच्या छापील, बांधीव पिशव्यांवर पाच टक्के कर आला, तेव्हा काही दिवसांतच सव्वीस आणि तीस किलोंच्या पिशव्या निघाल्या. एवढी चलाखी ज्या व्यापाऱ्यांत आहे त्यांस वखारीत चार दिवे लावणे अवघड का व्हावे!

हमालांविषयी न लिहिता हा विषय पुरा होणार नाही. माझ्या उमेदीत आमच्या पेढीवर चौदा हमाल होते. आज सहा आहेत, आणि त्यांतील सर्वांत तरुण पंचेचाळिशीचा आहे. शंभर किलोचे पोते पाठीवर घेऊन फळीवरून चढणाऱ्या माणसाची पाठ पन्नाशीत काय होते ते आपण सर्वांनी पाहिले आहे. पन्नास किलोची पोती आली तेव्हा "हमाली तीच, फेऱ्या दुप्पट" म्हणून कुरकुर करणाऱ्यांत मीही होतो. सीमेपलीकडे महाराष्ट्रात १९६९ च्या माथाडी कायद्याने नोंदलेल्या हमालास भविष्यनिर्वाह निधी व उपदान मिळते. आमच्या हमालांनी ते शेजारच्या गावांत पाहिले, आणि आम्ही त्यांना पेढीच्या दिवाळीच्या पाकिटावर समजावीत आलो. पोती वर नेणारा विजेचा पट्टा आम्ही २०२२ साली आणला. मुकादम पहिल्या दिवशी त्याकडे पाठ फिरवून बसला. आता तोच तो चालवतो आणि दुसऱ्या कोणास हात लावू देत नाही. पंजाबात मोगा येथील पोलादी कोठारांत दोन लाख टन गहू पोत्याविना, सुटा साठविला जातो. ते दिवस आपल्याकडे केव्हा येतील ते सांगता येत नाही. पण येतील तेव्हा हे सहा लोक काय करतील, हा विचार यंत्र विकत घेणाऱ्याने आधी करावयास हवा. ज्यांनी तीस वर्षे पोते उचलले त्यांना पोत्यातील मालाची जी पारख आहे ती वखार तपासणाऱ्यास पगार देऊनही मिळणार नाही. माझा मुकादम पोत्यावर नुसती थाप मारून आत बुरशी आहे की नाही ते सांगतो.

आता प्रत्यक्ष सूचना. रविवार पेठेतील आपल्या वखारी आता धान्य ठेवण्याच्या कामाच्या राहिलेल्या नाहीत. गल्ल्या अरुंद, मोठी गाडी आत येत नाही, छोट्या टेम्पोंत माल पालटावा लागतो आणि प्रत्येक पालटीस हमाली, सांड व वेळ जातो. प्रत्येकाने स्वतःची वखार सुधारावी म्हटले तर लहान सभासदास खर्च झेपत नाही, आणि नोंदणीस लागणारा विमा, ठेव व शिकलेला माणूस एकट्यास परवडत नाही. म्हणून शहराबाहेर, गाडी थेट दाराशी लागेल अशा जागी, मंडळाच्या सभासदांनी मिळून एक वखार बांधावी. ती कायद्याखाली नोंदवावी. सभासद, बिगरसभासद आणि शेतकरी यांस तीत एकच दर आणि एकच पावती असावी. २०२० साली सुरू झालेल्या केंद्राच्या कृषी पायाभूत सुविधा निधीतून अशा कामास दोन कोटी रुपयांपर्यंतच्या कर्जावर व्याजात तीन टक्के सवलत ठेवलेली आहे; तिचा लाभ आपणास कोणत्या अटींवर मिळेल ते सनदी लेखापालास विचारून पाहावे. किल्ली कोणत्याही एका सभासदाकडे असू नये. दर महिन्यास चिठ्ठ्या टाकून दोन सभासद निवडावेत. त्यांनी पूर्वसूचना न देता जावे, थप्पी मोजावी, कोणतीही दहा पोती उघडावीत आणि जे दिसेल ते दारावरील फळ्यावर लिहावे. ज्याचा माल आहे त्यास ते मोबाइलवर कळावे. चिठ्ठीत माझे नाव निघाले तर माझ्या मुलाची थप्पी मोजण्यास मी कचरणार नाही, आणि माझी थप्पी दुसऱ्याने मोजली तर मला राग येता कामा नये.

पेठेतील घराला लागून असलेली वखार सोडवत नाही, हे मी जाणतो. तिच्या तुळयांवर आपल्या आजोबांच्या हातचे हिशेब अजून कोळशाने लिहिलेले आहेत. आमच्या घरीही या विषयावर दोन वर्षे वाद चालला. सौभाग्यवतींचे म्हणणे, वखार गेली तर घराला घरपण राहणार नाही. त्यावर सून म्हणाली की आपण तीत दुकान काढू. किरकोळ गिऱ्हाइकास पेठ अजून हवी आहे. तिचे म्हणणे मला पटले.

येत्या वार्षिक सभेत हा ठराव मी लेखी मांडणार आहे आणि आमच्या पेढीतर्फे त्यात पाचशे टनांच्या जागेचा हिस्सा उचलण्यास तयार आहे. गेल्या दिवाळीत बैलहोंगलचा तो शेतकरी भेटला. त्याच्या कानावर हे घालून मी विचारले, "आमची नवी वखार झाली तर माल पुन्हा आमच्याकडे ठेवाल काय?" तो थोडा वेळ थांबला आणि म्हणाला, "आधी पावती कशी देणार ते दाखवा, सावकार."